ऐन वेळी उतरते ते मुरलेलेच

जुलै २०२१मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला. दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली, उरलेल्या वेळात घाईने नेम साधावा लागला आणि दहा मीटर एअर पिस्तुलात ती बाराव्या क्रमांकावर राहिली. जागतिक पातळीवरची अनेक पदके जिंकून आलेल्या या मुलीला ऑलिम्पिकचे दडपण पेलत नाही, असा निकाल तेव्हा बऱ्याच जणांनी देऊन टाकला होता. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये त्याच मनूने एकाच ऑलिम्पिकमध्ये दोन कांस्यपदके मिळवली. स्वतंत्र भारतात हे आधी कुणालाही जमले नव्हते. अभिनव बिंद्राची कथाही याच वळणाची आहे. २००४मध्ये अथेन्सला पात्रता फेरीत ६०० पैकी ५९७ गुण घेणारा हा नेमबाज अंतिम फेरीत सातव्या स्थानावर घसरला. २००८मध्ये बीजिंगला अखेरच्या गोळीपूर्वी तो फिनलंडच्या हेन्री हाकिनेनच्या बरोबरीत होता. हाकिनेनची शेवटची गोळी ९.७ची पडली, बिंद्राची १०.८ची. देशाचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्णपदक त्या एका गोळीने आले. आता प्रश्न असा, की दडपणाखाली खुलणे हा जर रक्तातला गुण असेल, तर अथेन्सला आणि टोकियोला तो कुठे होता? चार वर्षांत कुणाचे रक्त बदलत नाही. बदलतो तो सराव.

तरीही आपल्या बोलण्यात माणसांचे दोन गट ठरलेले असतात. एक ऐन वेळी खुलणारे, दुसरे ऐन वेळी कच खाणारे. संघनिवड, नोकरीची मुलाखत, शाळेच्या स्नेहसंमेलनातली मुख्य भूमिका, अशा सगळ्या ठिकाणी आपण ही वाटणी गृहीत धरतो आणि ती माणसाच्या स्वभावाला चिकटवतो. आठवीतल्या मुलाला एकदा ‘हा घाबरट आहे’ असे लेबल लागले, की पुढे तो स्वतःच ते खरे करत राहतो. ही वाटणी मुळात चुकीची आहे, असे मला ठामपणे वाटते. दडपण माणसाला नवे काही देत नाही. जे आधीपासून आत मुरलेले असते, तेच ते बाहेर काढते. मुरलेले पक्के असेल तर माणूस उठून दिसतो, कच्चे असेल तर उघडा पडतो. हे एकदा मान्य केले, की ऐन वेळच्या कामगिरीचे श्रेय आणि दोष केवळ त्या माणसाचा राहत नाही. त्याला मुरायला वेळ, जागा आणि संधी कुणी दिली, हा प्रश्न पुढे येतो. तो सार्वजनिक प्रश्न आहे.

या विचारामागे शंभराहून अधिक वर्षांचे संशोधन आहे. १९०८मध्ये रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या अमेरिकी अभ्यासकांनी उंदरांना दोन खोक्यांतला फरक ओळखायला शिकवले आणि चुकल्यावर कमी-अधिक तीव्रतेचे विजेचे झटके दिले. फरक ओळखणे सोपे होते तेव्हा झटका जसा तीव्र, तसे उंदीर लवकर शिकले. फरक बारीक झाला, काम अवघड झाले, तेव्हा मात्र तीव्र झटक्यांनी शिकणे मंदावले आणि मध्यम झटका सर्वांत उपयोगी ठरला. म्हणजे दडपणाचा परिणाम दडपणावर जितका अवलंबून असतो, तितकाच काम आपल्याला किती सोपे किंवा अवघड जाते यावरही. माणसांच्या बाबतीत हेच १९८२मध्ये पूल या खेळाच्या टेबलापाशी दिसले. अभ्यासकांनी आधी दुरून, खेळाडूंच्या नकळत त्यांचे फटके मोजले आणि मग चार जण टेबलाजवळ जाऊन टक लावून पाहत उभे राहिले. चांगल्या खेळाडूंचे यशस्वी फटके ७१ टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेले. कच्च्या खेळाडूंचे ३६ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आले. टेबल तेच होते, बघणारेही तेच. एकाला त्या नजरांनी बळ दिले, दुसऱ्याचे होते तेही काढून घेतले. फरक होता तो फटका हाताच्या किती सवयीचा झाला आहे, एवढाच.

पण चार जणांची नजर वेगळी आणि आयुष्य पणाला लागणे वेगळे. पणाला लावलेली गोष्ट फार मोठी झाली, की काय होते याचा एक गाजलेला प्रयोग आपल्याच देशात, तमिळनाडूतल्या मदुराई परिसरातील खेड्यांत झाला. चार अर्थ-मानसशास्त्रज्ञांनी ग्रामस्थांना स्मरणाचे, एकाग्रतेचे आणि हातांच्या कौशल्याचे सहा खेळ दिले. एका गटाला प्रत्येक खेळात जास्तीत जास्त ४ रुपये मिळणार होते, दुसऱ्याला ४० आणि तिसऱ्याला ४०० रुपये. सहाही खेळांत उत्तम कामगिरी केली, तर तिसऱ्या गटातल्या माणसाला २४०० रुपये मिळत. त्या काळी तिथल्या माणसाच्या जवळजवळ अर्ध्या वर्षाच्या सरासरी खर्चाइतकी ही रक्कम होती. २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पहिल्या दोन गटांची कामगिरी साधारण सारखीच राहिली आणि सर्वांत मोठे बक्षीस समोर असलेला गट सर्वांत मागे पडला. ज्यांच्यासमोर सर्वाधिक पैसे होते, त्यांच्याच हातून ते निसटले. गरज जितकी मोठी तितका माणूस पेटून उठतो, ही आपली आवडती समजूत या खेड्यांत तरी टिकली नाही.

असे का होते, याचे उत्तर आता बरेचसे स्पष्ट आहे. अवघड गणित सोडवताना आपण काही आकडे, काही पायऱ्या डोक्यात धरून ठेवतो. ही मनातली पाटी फार लहान असते. ‘चुकलो तर काय होईल’ ही चिंता त्याच पाटीवर येऊन बसते आणि गणिताला जागा उरत नाही. सायन बेलॉक आणि टॉमस कार यांनी २००५मध्ये दाखवून दिले, की या चिंतेचा सर्वाधिक फटका ज्यांची ही पाटी मुळात मोठी असते, त्या हुशार विद्यार्थ्यांनाच बसतो. दडपण नसताना ते इतरांच्या पुढे असतात, दडपण येताच इतरांच्या पंक्तीत येऊन बसतात. शरीराच्या कौशल्यात घसरण्याची तऱ्हा याच्या उलट असते. तिथे माणूस फार लक्ष देतो. वर्षानुवर्षे आपोआप होणारी हालचाल तो ऐन वेळी पायरीपायरीने तपासू लागतो आणि जिना उतरताना पावलांकडे पाहत राहणाऱ्यासारखा अडखळतो. नॉर्वेचे अभ्यासक गेइर यॉर्देत यांनी फुटबॉलच्या मोठ्या स्पर्धांमधील पेनल्टी शूटआउट तपासले. गोल झाला तर संघ तिथेच जिंकणार, अशा वेळी खेळाडूंनी ९२ टक्के गोल केले. चुकले तर संघ तिथेच हरणार, अशा वेळी हे प्रमाण ६२ टक्क्यांच्या आसपास आले. दोन्ही वेळी चेंडूपासून गोलरेषेचे अंतर अकरा मीटरच होते. शिट्टी वाजताच घाईने धावणाऱ्यांचे चुकण्याचे प्रमाणही अधिक दिसले. भीतीला लवकरात लवकर संपवायचे असते, आणि त्या घाईतच चूक होते.

यावर कुणीही म्हणेल, की मग महेंद्रसिंह धोनीचे काय? २ एप्रिल २०११च्या रात्री वानखेडेवर २७५ धावांचा पाठलाग करताना भारताची अवस्था ३ बाद ११४ झाली. फॉर्मात असलेल्या युवराजला थांबवून धोनी स्वतः मैदानात उतरला आणि नाबाद ९१ धावा करून, षटकार मारून विश्वचषक घेऊन आला. हे स्वभावाचे बळ नाही, तर काय? धोनीचा शांतपणा खराच आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्या निर्णयामागचे कारण त्याने स्वतः नंतर सांगितले आहे. समोर मुथय्या मुरलीधरन गोलंदाजी करत होता आणि चेन्नईच्या संघात एकत्र असताना धोनीने त्याला सरावात पुष्कळ खेळून काढले होते. ज्याला आपण धाडस म्हणून डोक्यावर घेतले, तो ओळखीच्या जमिनीवर पाय ठेवण्याचा हिशेब होता. शिवाय आपली स्मृती निवडक असते. १० जुलै २०१९ रोजी मँचेस्टरच्या उपांत्य सामन्यात हाच धोनी ५० धावांवर धावचीत झाला आणि भारत हरला. त्या दिवशी त्याचा धीर कमी झाला होता, असे म्हणता येणार नाही. वीतभर अंतराने जे घडते, त्यालाही आपण नंतर स्वभावाचे नाव देतो. बुद्धिबळासारख्या शांत खेळातही हे दिसते. डिसेंबर २०२४मध्ये सिंगापूरला जगज्जेतेपदाच्या शेवटच्या डावात बरोबरीकडे चाललेल्या स्थितीत डिंग लिरेन याने ५५व्या खेळीला हत्ती चुकीच्या घरात नेला आणि अठरा वर्षांचा दोम्माराजू गुकेश जगज्जेता झाला. डिंगही जगज्जेताच होता. दडपणात चुकणाऱ्यांची वेगळी जात नसते, हे सांगायला याहून मोठा पुरावा कशाला हवा?

मग ज्यांच्या हातून अशा क्षणी विलक्षण काम होते, त्यांच्यात नेमके काय असते? १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कहून उडालेल्या विमानाला पक्ष्यांचा थवा धडकला आणि दोन्ही इंजिनांनी दम सोडला. तिथून पाण्याला टेकेपर्यंत साडेतीन मिनिटेही नव्हती. वैमानिक चेस्ली सलेनबर्गर यांनी विमान हडसन नदीत उतरवले आणि आतले सर्व १५५ जण वाचले. सलेनबर्गर यांच्या पाठीशी हवाई दलातली नोकरी आणि उड्डाणाचे १९ हजारांहून अधिक तास होते. बिनइंजिनाचे ग्लायडर ते चालवत आले होते आणि विमान अपघातांच्या तपासातही त्यांनी काम केले होते. त्यांच्या अगदी सुरुवातीच्या कृतींपैकी एक म्हणजे सहायक वीजयंत्र सुरू करणे. छापील सूचनांच्या यादीत ती पायरी बरीच खाली होती आणि ती यादी उंचावरच्या बिघाडासाठी बनवलेली असल्याने पूर्ण करायला वेळही नव्हता. वीज टिकली म्हणून विमानाची नियंत्रणे टिकली. तपास अहवालाने या कृतीला महत्त्व दिले. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात अनुभवी अग्निशमन अधिकाऱ्यांचा अभ्यास केला तेव्हा त्याला हीच गोष्ट आढळली. आगीसमोर हे अधिकारी चार पर्यायांची तुलना करत बसत नाहीत. समोरचे दृश्य पूर्वी पाहिलेल्या शेकडो आगींपैकी कशासारखे आहे, हे त्यांना ओळखता येते आणि त्या ओळखीतून पहिली कृती सुचते. आपण ज्याला प्रसंगावधान म्हणतो, ती बहुतेक वेळा जुनी ओळख असते.

मुंबईला हे समजावून सांगायला न्यूयॉर्कपर्यंत जाण्याची गरज नाही. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार सुरू झाला, तेव्हा उद्घोषक विष्णू झेंडे यांनी आपली खोली सोडली नाही. त्यांनी ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना कुठून बाहेर पडायचे ते सांगितले, पुन्हा पुन्हा सांगितले. स्थानकात पन्नासहून अधिक माणसे मारली गेली. त्या घोषणा नसत्या तर हा आकडा कुठे गेला असता, याची कल्पना करवत नाही. त्याच रात्री कामा रुग्णालयात परिचारिका अंजली कुलथे यांनी वीस गर्भवती महिलांना वॉर्डातून हलवून एका लहान खोलीत सुरक्षित ठेवले आणि कळा सुरू झालेल्या एका महिलेला भिंतीच्या आडोशाने प्रसूतिकक्षापर्यंत पोहोचवले. या दोघांनी त्या रात्री काय केले, ते नीट पाहावे. झेंडे यांनी घोषणा केल्या. कुलथे यांनी रुग्णांना सांभाळून एका जागेवरून दुसऱ्या जागी नेले. दोघांनीही आपले रोजचे काम केले, बंदुकांच्या आवाजात केले. त्यांचे धैर्य यामुळे तसूभरही कमी होत नाही. पळून जायला त्यांनाही वाट होती आणि ते थांबले, हे धैर्यच. पण थांबल्यावर हातून काय व्हावे, हे त्यांना त्या रात्री नव्याने शोधावे लागले नाही. कित्येक वर्षांच्या पाळ्यांनी ते अंगवळणी पाडले होते. अशा माणसांना आपण एका रात्रीचे शूर म्हणून गौरवतो, तेव्हा त्या पाळ्यांना विसरतो.

निव्वळ नामांकित माणसावर भिस्त ठेवली, की काय होऊ शकते, याचा धडा विमान वाहतुकीने फार मोठी किंमत देऊन घेतला. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरिफेच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानांची टक्कर होऊन ५८३ लोक मृत्युमुखी पडले. परवानगी नसताना उड्डाण सुरू करणारा डच वैमानिक त्याच्या कंपनीचा प्रमुख प्रशिक्षक होता, जाहिरातीत झळकलेला चेहरा होता. समोरची धावपट्टी मोकळी झाली का, अशी शंका त्याच्याच कक्षातल्या अभियंत्याने बोलून दाखवली होती. ती झटकली गेली. या आणि अशा अपघातांनंतर १९७९मध्ये नासाने परिषद भरवली आणि कनिष्ठाने शंका ठामपणे मांडावी, वरिष्ठाने ती ऐकावी, कामे आधी वाटून घ्यावीत, याचे रीतसर प्रशिक्षण सुरू झाले. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत सू सिटीजवळ एका विमानाची सगळी हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाली. विमानातल्या २९६ पैकी १८४ जण वाचले, आणि कॅप्टन अल हेन्स यांनी त्याचे श्रेय या प्रशिक्षणाला दिले. ऑपरेशन थिएटरमध्येही हेच घडले. जागतिक आरोग्य संघटनेच्या पडताळणी यादीचा प्रयोग नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत झाला. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाची, शस्त्रक्रियेच्या जागेची खात्री करणे, चमूतल्या प्रत्येकाने नाव आणि काम सांगणे, असे साधे १९ मुद्दे त्यात होते. २००९मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. डॉक्टर तेच होते. त्यांच्या धीराची परीक्षा घेण्याऐवजी त्यांच्या डोक्यावरचा भार कमी केला, इतकेच.

इथे दोन आक्षेपांना उत्तर द्यायला हवे. पहिला असा, की माणसामाणसांत जन्मजात फरक असतोच. काही मुले लहानपणापासून व्यासपीठावर मोकळी असतात, काहींचे तळहात घामेजतात. हे मला मान्य आहे. पण तो फरक सुरुवातीचा असतो, शेवटचा नसतो, आणि तो एका दिवसाच्या निकालावरून ओळखता येत नाही. टोकियोवरून पॅरिस ओळखता आले नसते. उलट फारच छोटे उपायही हा फरक बुजवू शकतात. बेलॉक आणि जेरार्दो रामिरेझ यांनी २०११मध्ये दाखवले, की परीक्षेपूर्वी दहा मिनिटे आपली भीती कागदावर उतरवून काढल्यावर घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांची कामगिरी लक्षणीय सुधारते. ज्याला आपण मुलाचा स्वभाव म्हणून मोडीत काढतो, तो दहा मिनिटांच्या लिखाणाने हलत असेल, तर तो स्वभाव म्हणावा का? दुसरा आक्षेप तरुणांकडून येतो. ‘माझे शेवटच्या रात्रीच चांगले होते, दडपणाशिवाय मला सुचतच नाही.’ डायन टाइस आणि रॉय बाउमाइस्टर यांनी १९९७मध्ये विद्यार्थ्यांच्या एका सत्राचा मागोवा घेतला. कामे पुढे ढकलणारे विद्यार्थी सत्राच्या सुरुवातीला निवांत होते, अखेरीस त्यांना ताण आणि आजार जास्त झाले आणि गुणही कमी मिळाले. शेवटच्या रात्री सुरुवात होते, हे खरे. त्या सुरुवातीलाच आपण उत्तम काम समजतो.

याहून गंभीर आक्षेप परीक्षांच्या बाजूने घेतला जातो. उद्या ज्याला शस्त्रक्रिया करायची आहे किंवा जिल्हा सांभाळायचा आहे, त्याला तीन तासांचे दडपण सोसवत नसेल, तर त्याने त्या वाटेला जाऊच नये, असे अनेक समंजस माणसेही म्हणतात. या युक्तिवादात एक गृहीत लपले आहे. एका प्रकारच्या दडपणात टिकणारा दुसऱ्या प्रकारच्या दडपणातही टिकतो, असे ते गृहीत. वरचे सगळे पुरावे याच्या विरोधात जातात. सलेनबर्गर हडसनवर टिकले ते विमान हाताळणे अंगात मुरलेले होते म्हणून. पर्यायांपुढची वर्तुळे वेगाने काळी करण्याने रक्तस्राव थांबवण्याचा हात तयार होत नाही. शल्यविशारदाला आपण वर्षानुवर्षे वरिष्ठाच्या शेजारी उभे करतो, आधी टाके, मग छोट्या शस्त्रक्रिया, मग मोठ्या, अशा पायऱ्यांनी त्याला दडपणाची सवय लावतो. प्रवेशाच्या वेळी मात्र एकाच दुपारी सगळे पणाला लावतो. थोडा ताण हवाच, त्याशिवाय कुणी पुस्तक उघडणार नाही, हेही खरे आहे. यर्क्स आणि डॉडसन यांनी मध्यम झटक्याचा उपयोग दाखवलाच आहे. पण वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेला २०२४मध्ये २३ लाखांहून अधिक मुले बसली आणि ती परीक्षा वर्षातून एकदाच होते. स्पर्धा परीक्षांची मुले जाहिरात कधी निघेल याची वाट पाहत वयोमर्यादेकडे सरकत असतात. घरच्यांनी शेत किंवा दागिने गहाण टाकून क्लासची फी भरलेली असते. मदुराईच्या तिसऱ्या गटाला अभ्यासकांनी जे दडपण सहा खेळांपुरते दिले, ते या मुलांना आपण ऐन तारुण्याची वर्षे देत आहोत.

म्हणूनच एकच संधी देणारी परीक्षा मला अन्यायाची वाटते. ती अवघड असते, ही माझी तक्रार नाही. अवघड असावीच. ती ज्ञानाबरोबर परिस्थितीही मोजते, ही तक्रार आहे. ज्या मुलाला नापास झाल्यावर पुन्हा एक वर्ष पोसायला घर तयार आहे, त्याच्या डोक्यावरचा भार आणि ज्याच्या मागे दुसरी संधीच नाही त्याच्या डोक्यावरचा भार सारखा नसतो. मग तिथे जो शांत राहिला, त्याला आपण खंबीर म्हणतो आणि जो डगमगला, त्याला कमकुवत. यावर उपाय नाहीत असेही नाही. अभियांत्रिकी प्रवेशाची जेईई मुख्य परीक्षा २०१९पासून वर्षातून दोनदा होते आणि चांगले गुण धरले जातात. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बोर्डाच्या परीक्षेसाठीही दोन संधींची शिफारस केली. वैद्यकीय प्रवेशालाही हा नियम का लागू नये? दोनदा प्रश्नपत्रिका काढण्यात, काठिण्य सारखे ठेवण्यात अडचणी आहेत. त्या प्रशासनाच्या अडचणी आहेत आणि त्या प्रशासनाने सोसाव्यात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२मध्ये देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. प्रत्येकामागे कारणांची वेगळी गुंतागुंत असते आणि सगळा दोष परीक्षेवर टाकणे चूक ठरेल. पण एका निकालाने सगळे संपते, ही भावना मुलांच्या मनात मुरवण्यात आपल्या व्यवस्थेचा वाटा आहे, हे नाकारता येणार नाही.

मुरवणे किती दूरवर पोहोचते, हे जपानच्या कामाइशी शहराने दाखवले. ११ मार्च २०११च्या त्सुनामीत या शहरात हजाराहून अधिक माणसे गेली. पण तिथल्या प्राथमिक आणि माध्यमिक शाळांतली जवळजवळ तीन हजार मुले, अगदी थोडे अपवाद वगळता, वाचली. आधीची काही वर्षे तोशिताका कातादा या प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली शाळांनी त्यांना शिकवले होते, की नकाशावरच्या धोक्याच्या रेषेवर विसंबू नका, कुणाची वाट पाहू नका, पुढे धावा. उनोसुमाई भागात मोठ्या मुलांनी लहान मुलांचे हात धरले, आणि ठरलेली जागाही असुरक्षित वाटताच सगळी मुले ती सोडून आणखी उंच गेली. ही निवडलेली धीट मुले नव्हती. गावातली सगळी मुले होती. त्यांतही घाबरट, लाजाळू, रडकी असतीलच. याच उनोसुमाईत त्याच दिवशी दुसरी गोष्टही घडली. तिथल्या आपत्ती निवारण केंद्राची इमारत त्सुनामीसाठी ठरवलेली निवाऱ्याची जागा नव्हती. पण सोयीची म्हणून आधीच्या सरावात लोकांना तिथे जमवले जाई. त्या दुपारी लोक सवयीने तिथेच गेले आणि शंभराहून अधिक जण पाण्यात सापडले. एकाच भागात, एकाच लाटेपुढे, मुलांना खऱ्या सरावाने तारले आणि मोठ्यांना खोट्या सरावाने बुडवले. दडपण काय मुरले आहे ते बाहेर काढते. ते बरोबर की चूक, हे दडपण तपासत नाही.

आपल्याकडे काय मुरते आहे? ९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळे गेली. त्यानंतर राज्यभर अग्निसुरक्षेच्या तपासणीची चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण तपासणी यंत्रांची होते, माणसांच्या सरावाची क्वचितच होते. रात्रपाळीच्या परिचारिकेने अंधारात कोणते दार उघडायचे, कोणत्या बाळाला आधी उचलायचे, कुणाला हाक मारायची, हे तिच्या हातांना आधीपासून ठाऊक आहे का, हा प्रश्न प्रत्येक रुग्णालयाला दरवर्षी विचारला गेला पाहिजे. शाळांमधला आपत्तीचा सराव छायाचित्र काढण्यापुरता आणि नोंदवहीत सही करण्यापुरता झाला, तर तो उनोसुमाईच्या इमारतीसारखाच घात करू शकतो. एसटीचा चालक, रेल्वे फाटकावरचा कर्मचारी, वीज मंडळाचा वायरमन, गावची आशा सेविका, या सगळ्यांवर कधी ना कधी तशी वेळ येते. प्रसंग घडल्यावर त्यांच्यातून एखादा शूर निघेल, या आशेवर राहणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे आहे. त्यांच्या कामाच्या तासांत सरावाचे तास धरायला हवेत. त्यासाठी माणसे जास्त लागतील, पैसे लागतील. ते आपण द्यायला हवेत.

ऐन वेळी उभ्या राहणाऱ्या माणसांविषयी मला अपार आदर आहे. त्या आदरापोटीच वाटते, की त्यांना निराळ्या मातीचे ठरवू नये. तसे ठरवले, की आपली जबाबदारी संपते. मग असे कुणी भेटले तर नशीब, नाही भेटले तर दैव. त्यांच्याकडे घडलेली माणसे म्हणून पाहिले, तर आपल्याला पुढची माणसे घडवता येतात. वर्गात फळ्यापाशी थरथरणाऱ्या मुलीला खाली बसवून धीटाला उभे करणे सोपे आहे. तिला पुन्हा बोलावणे, चुकू देणे, उद्या पुन्हा बोलावणे, हे शिक्षकाचे खरे काम आहे. मनू भाकरला टोकियोनंतर पॅरिस मिळाले, बिंद्राला अथेन्सनंतर बीजिंग. प्रत्येकाला दुसरे ऑलिम्पिक देणे शक्य नाही. पण दुसरी परीक्षा, दुसरा सराव आणि दुसऱ्यांदा उभे राहण्याची जागा देणे पूर्णपणे आपल्या हातात आहे.